निंगव्वाचं निजलेलं मूल

करकंब,
ता. १२ नोव्हेंबर १९३४

नीलम्मा,

आधी आशीर्वाद घे, मग कानातली ती रबरी नळी काढून बाजूला ठेव आणि हे पत्र सावकाश वाच. कल्लप्पादादाची मुलगी मुंबईहून डॉक्टरीण होऊन आली आणि सोलापुरात बायकांच्या दवाखान्यात काम करते, हे मी इथं सगळ्या पेठेला सांगून झालं आहे. आता त्या मिरवण्याचा माझ्या घराला काही उपयोग होऊ दे.

माझी सून निंगव्वा तुला आठवत असेल. गुरुबसप्पाच्या लग्नात तिचं बाशिंग सारखं घसरत होतं आणि तूच ते धरून बसली होतीस. आता ती चांगली वीस वर्षांची झाली. दोन वर्षांमागे तिला दिवस गेले. दोन महिने आलं नाही असं तिच्याकडून कळलं, अंग भरलं. मी हिरवं लुगडं नेसवून ओटी भरली, गल्लीला जेवू घातलं. पण पोट काही वाढेना. मग केराबाईला बोलावलं. ही आमच्याकडची धनगराची म्हातारी सुईण, अर्धं करकंब तिच्या हातावर जन्मलंय. तिनं पोट चाचपलं आणि म्हणाली, "मूल हाय, पर निजलंय."

तेव्हापासून ते निजलेलंच आहे. मधेच कधी चार-सहा महिन्यांनी निंगव्वाला थोडं रक्त जातं आणि थांबतं. केराबाई म्हणते, मुलानं कूस बदलली.

आता अडचण ऐक. माझे धाकटे दीर अण्णाराव यांनी गुरुबसप्पासाठी मंगळवेढ्याची दुसरी मुलगी बघून ठेवली आहे. मी सगळ्यांसमोर सांगितलं, पोटुशी बाईच्या उरावर सवत आणाल तर मी या घरचं पाणी पिणार नाही. त्यावर सगळे गप्प बसले. पण गप्प तरी किती दिवस बसणार? दुकानात कापड घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा विचारतं, "काय मालकीणबाई, उठलं का?"

तर मुलाला जाग येईल असं एखादं इंग्रजी औषध पाठव. आणखी एक, हे तुलाच सांगते. पोरीच्या हनुवटीवर केस येतात. ती बिचारी पदर दातात धरून घरात वावरते.

तुझी आत्या,
बसम्मा

*

सोलापूर,
ता. १९ नोव्हेंबर १९३४

आत्या, शरणार्थ.

नळी काढून पत्र वाचलं आणि वाचून झाल्यावर कपाळावर हात मारला. अगं, दोन वर्षं राहायला मूल म्हणजे काय पेवातली ज्वारी आहे? पोटातलं मूल निजत नाही. त्याला उठवायचं औषध इंग्लंडात नाही, जर्मनीतही नाही.

आता मी विचारते त्याचं उत्तर दे, आणि लाजू नकोस. इतरांच्या घरात बाई बाहेर बसली की नाही हे शेजारणीलाही ठाऊक असतं. आपल्या लिंगायतांत गळ्यात इष्टलिंग बांधलेल्या बाईला विटाळ नाही. ती रोजच्यासारखी पूजा करते, भाकरी थापते. मला याचा अभिमान आहे, मुंबईत मैत्रिणींना मी हे ताठ मानेनं सांगायची. पण त्याची दुसरी बाजू अशी, की सुनेला दर महिन्याला येतं की नाही हे एका चुलीवर रांधणाऱ्या सासूलाही कळत नाही. तू निंगव्वाला जवळ घेऊन विचार, आधी तरी दर महिन्याला येत होतं का? माझी शंका अशी आहे की ओटी भरलीस तेव्हाही तिला दिवस गेले नव्हते.

तिला इकडे घेऊन ये. तपासल्याशिवाय मी एक पुडी देणार नाही.

नीलम्मा

*

करकंब,
ता. ४ डिसेंबर १९३४

नीलम्मा,

तू हुशार आहेस म्हणून एवढं फाडफाड बोलायचं कारण नव्हतं. तुझं पत्र मी चुलीत घालणार होते. पण आधी निंगव्वाला विचारलं.

खरं आहे तुझं. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा आलं, मग वर्षातून दोनदा, कधी एकदाच. मी म्हटलं, "आगं, मग बोलली का न्हाईस?" तर म्हणते, "मला वाटलं समद्या बायकांचं असंच असतंय की, आत्याबाई. कुणाला इचारू? आपल्यात कुणी भाईर बसतच न्हाय."

पण तुला एक सांगते, हसू नकोस. त्या मुलाशी मी बोलते. दुपारी दुकानातली माणसं जेवून गेली की निंगव्वा पुढच्या सोप्यात आडवी होते, तेव्हा मी तिच्या पोटावर हात ठेवून जोगुळ म्हणते. आमच्या अक्कलकोटाकडची कानडी अंगाई, माझ्या आईनं मला म्हटलेली. निंगव्वाचा डोळा लागतो. दोन वर्षं हे चाललंय. आता तू एका ओळीत लिहितेस की तिथं कुणी नाही.

आणि तिथं कुणी नसेल तर काय होईल हे तुला समजत नाही का? मंगळवेढ्याची मुलगी अक्षय तृतीयेला या उंबऱ्याच्या आत येईल. निंगव्वाला सोडणार नाहीत, पण मागच्या पडवीत राहील, शेणगोठा करील, नव्या बाईची पोरं सांभाळील. आईबाप नाहीत तिला. चौदाव्या वर्षी माझ्या हातात दिली आहे.

मी संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याला येते. जत्रेचं निमित्त म्हणजे कुणी विचारणार नाही. तू तपास. पण जे सापडेल ते पहिल्यांदा माझ्याजवळ बोल, दुसऱ्या कुणाजवळ नाही.

बसम्मा

*

सोलापूर,
ता. २३ जानेवारी १९३५

आत्या, शरणार्थ.

तू जत्रा करून मोटारीनं परत गेलीस त्यानंतर मी निंगव्वाला पुन्हा एकदा नीट तपासलं. ती आणि गुरुबसप्पा आमच्याच घरी आहेत. आई तिला शेंगापोळ्या खाऊ घालते आहे. पोरीला भूक उत्तम आहे.

गर्भाशयात काही नाही. मात्र त्याच्या दोन्ही अंगांना एकेक घट्ट गोळा हाताला लागतो. तिथं बाईची अंडाशयं असतात, ज्यातून बीज येतं. ती इतकी मोठी हाताला लागायला नकोत. गाठी असतील तर काढाव्या लागतील. काय आहे ते पोट उघडल्याशिवाय समजणार नाही. मी उगाच धीर देत नाही. क्लोरोफॉर्म देऊन पोट उघडणं म्हणजे जिवाची जोखीम आहे, आणि एवढं करून मूल होईलच असंही नाही.

आधी तुलाच सांगायचं होतं, पण नवऱ्यापासून लपवणं बरं वाटलं नाही, म्हणून गुरुबसप्पाला हे सगळं सांगितलं. तुझा मुलगा बोलण्यात किती कंजूष आहे ते तुला माहीत आहेच. एवढंच म्हणाला, "अक्का, ती वाचंल न्हवं?" मुलाचं नावही काढलं नाही.

निंगव्वाची एकच अट आहे. गळ्यातलं लिंग अंगावरून निघता कामा नये. नर्सबाई म्हणाल्या, टेबलावर दागिना चालत नाही. निंगव्वा म्हणाली, "दागिना न्हवं त्यो." आता तू आणि मामा काय म्हणता ते कळव. तुमच्या होकाराशिवाय मी सुरी हातात घेणार नाही.

नीलम्मा

*

करकंब,
ता. २७ जानेवारी १९३५

नीलम्मा,

होकार आहे. तुझे मामा आधी नको म्हणत होते. मी दोन दिवस बोलले नाही, मग हो म्हणाले. अण्णारावांना काही कळवलेलं नाही.

लिंग डाव्या दंडाला बांध. आमच्या आजीला पटकी झाली होती तेव्हा तसंच बांधलं होतं. अंगाला लागून असलं म्हणजे झालं.

एक मागणं आहे. पोट उघडशील तेव्हा आत जे असेल ते सगळं बघ. घाईनं बघून बंद करू नकोस. आणि मला लिही, एक गोष्ट न गाळता. माझी तीन बाळंतपणं झाली, एवढं वय झालं, पण बाईच्या आत काय असतं ते मला कुणी कधी सांगितलं नाही. मी कुणाला अंगाई म्हणत होते ते मला समजू दे.

बसम्मा

*

सोलापूर,
ता. ८ फेब्रुवारी १९३५

आत्या,

निंगव्वा सुखरूप आहे. ताप नाही, टाके कोरडे आहेत, काल पेज प्यायली आणि आज भाकरी मागते आहे. तार मिळालीच असेल.

आता तुला शब्द दिला होता तो पाळते. एका जागी बसून सगळं लिहिते आहे.

मूल नाही, आत्या. गर्भाशय रिकामं आहे, लहानसं आणि निरोगी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

निरोगी बाईचं अंडाशय बदामाएवढं असतं, आणि त्यावर वण असतात. दर महिन्याला आतलं एक बीज पिकतं, वरची साल फोडून बाहेर पडतं आणि तिथं वण ठेवून जातं. म्हणून वय वाढेल तसं ते अक्रोडासारखं खडबडीत होत जातं. तुझ्या आतही तसंच आहे. तुझ्या आयुष्यातला एकेक महिना तिथं उमटलेला आहे. मी मुंबईत शिकताना हे पाहिलं होतं, पण तेव्हा परीक्षा होती, नवल वाटायला सवड नव्हती.

निंगव्वाचं अंडाशय मी जखमेतून अलगद वर घेतलं आणि बघतच राहिले. चांगलं कोंबडीच्या अंड्याएवढं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, लकाकणारं. त्यावर एक वण नाही, एक सुरकुती नाही. वीस वर्षांच्या बाईच्या अंगात असं काही असू शकतं हे मला माहीत नव्हतं. तिच्या डाव्या दंडाला तुझ्या सांगण्याप्रमाणे लिंगाची चांदीची डबी बांधली होती, वर पांढरं फडकं गुंडाळून. ते फडकं जरा सरकलं होतं. एका दिव्याखाली मला दोन्ही एकदम दिसली, डबी आणि अंडाशय. तोच आकार, तीच झळाळी. देवाधर्माच्या बाबतीत मी कशी आहे तुला ठाऊक आहे. तरी माझे हात जोडले गेले असते, ते मोकळे नव्हते म्हणून राहिलं.

मग बारकाईनं पाहिलं. त्या पांढऱ्या सालीच्या आत कडेकडेनं निळसर थेंब दिसत होते. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही वाटाण्याएवढे, एकाला एक लागून, सगळ्या कडेनं माळेसारखे. दुसऱ्या बाजूचं अंडाशय वर घेतलं, तर तेही हुबेहूब तसंच.

ते थेंब काय आहेत सांगू? प्रत्येक थेंब म्हणजे बीजाचं घर. त्यातलं बीज पिकायला निघालं, थोडं मोठं झालं आणि थांबलं. वरची साल इतकी जाड आहे की बाहेर यायला वाट नसावी. एक थांबलं, मग दुसरं निघालं, तेही थांबलं. दर महिन्याला पोरीच्या शरीरानं प्रयत्न केलेला आहे, एकदाही सोडलेला नाही. आणि बाहेर कुणाला पत्ता नाही, तिला स्वतःलासुद्धा नाही.

शेजारी आमचे वडीलधारे सर्जन उभे होते. ते म्हणाले, "दोन्ही काढून टाका. बिघडलेला भाग ठेवून काय करणार?" तसा रिवाज आहे, आत्या, ते काही वावगं बोलले नाहीत. आणि खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात आलं. काढलं असतं तर निंगव्वाचं सगळं तिथंच संपलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढून ती माळ हलेना. त्यात एवढी बीजं जिवंत असताना मी ती बादलीत कशी टाकू? जुन्या पुस्तकांत कुठं कुठं नुसती फाक कापून काढल्याचे दाखले आहेत. मी म्हटलं, "साहेब, मी फक्त फोड काढते. जबाबदारी माझी." त्यांनी स्वतःच दिवा जवळ सरकवला.

कलिंगडाची फोड काढावी तशी दोन्हींतून एकेक फाक काढली. थेंब फुटले, स्वच्छ पाणी आलं. कडा जुळवून शिवून टाकल्या. एवढंच केलं. उपयोग होईल का, माहीत नाही. हे पुस्तकातही धड लिहिलेलं नाही.

तुझ्या पत्राला मी हसले होते, आत्या. पेवातली ज्वारी म्हणाले होते. टेबलापाशी उभी असताना मला केराबाईचं ते बोलणं आठवलं. मूल नव्हतं हे खरं. पण तिथं निजलेलं होतं, आणि एक नव्हतं.

नीलम्मा

*

करकंब,
ता. १६ फेब्रुवारी १९३५

नीलम्मा,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा दार लावून घेतलं आणि आपल्या पोटावर हात ठेवून बसले. एवढी वर्षं हे शरीर वागवते आहे, आणि आत माझे महिने लिहिलेले आहेत म्हणे! मला वाटायचं बाईचं पोट म्हणजे नुसती पिशवी.

आता माझी बाजू ऐक. तुला वाटलं, आत्या अडाणी, सुईणीच्या नादी लागली. अगं, मला काय कळत नव्हतं होय? ओटी भरल्यावर चार महिन्यांनीच मला समजून चुकलं की पोट रिकामं आहे. त्याच आठवड्यात अण्णाराव मंगळवेढ्याला जाऊन आले. मी केराबाईला मागच्या दारी बोलावलं, चोळीचा खण दिला आणि काय बोलायचं ते शिकवलं. "निजलंय" हा शब्द माझा आहे. तिनं बिचारीनं नुसता म्हटला. मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. उद्या वेळ आली तर पुन्हा शिकवीन.

नवल पुढंच आहे. घराला दाखवायला म्हणून मी निंगव्वाच्या पोटावर हात ठेवून जोगुळ म्हणायला बसले, आणि म्हणता म्हणता मलाच खरं वाटायला लागलं. कुणी बघत नसतानाही म्हणायचे. निंगव्वाला तर पहिल्यापासून खरंच वाटत होतं. मी उठवलेल्या आवईवर मीच विश्वास ठेवून बसले आणि नंतर मला त्यातून बाहेर पडता येईना. म्हणून तुला औषध मागितलं. तुझं उत्तर मला आधीच ठाऊक होतं, तरी मागितलं.

काल अण्णाराव आले. कुठून तरी ऑपरेशनची कुणकुण लागली होती. सोप्यात सगळ्यांसमोर विचारलं, "वैनी, खरं सांगा. मूल व्हतं का न्हवतं?"

घरचे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "एक कुटलं, भावजी? माळ व्हती, माळ! दोन्ही अंगाला. डॉक्टरनीनं आपल्या डोळ्यानं बघितली. समदी निजल्याली. आता तिनं दार किलकिलं केलंय. वाट बघा की जरा."

मी काही खोटं बोलले का? अण्णाराव म्हणाले, एक वर्ष थांबतो. पुढच्या वर्षीच्या अक्षय तृतीयेपर्यंत काही दिसलं नाही तर मंगळवेढ्याला होकार कळवायचा. घरच्यांनीही मान डोलावली. तेवढीच मुदत मिळाली आहे.

तुझ्या सर्जनसाहेबांना दिवा धरल्याबद्दल माझा नमस्कार सांग.

बसम्मा

*

सोलापूर,
ता. २ सप्टेंबर १९३५

आत्या, शरणार्थ.

तू आतल्या गाठीची आहेस हे बाबा नेहमी म्हणतात. केराबाईला शिकवल्याचं तुझं ते पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. एवढे हसले की ठसका लागला.

निंगव्वाचं पत्र आलं. एप्रिलपासून तिला महिन्याच्या महिन्याला येतं आहे. मोठ्या लाजेनं, पण अभिमानानं लिहिलंय, "अक्का, आता मलाबी समद्यांसारखं हाय." आत्या, ते वाचून मी वॉर्डात सगळ्या नर्सना लाडू वाटले. कशाचे, ते कुणाला सांगितलं नाही.

फाकेचा तुकडा मी मुंबईला माझ्या जुन्या प्रोफेसरांकडे पाठवला होता. त्यांनी पातळ काप काढून काचेच्या पट्ट्यांवर लावून परत पाठवले. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि मला त्या घरातलं बीज दिसलं. नुसत्या डोळ्याला धुळीच्या कणाएवढंही दिसलं नसतं. गोल, भोवती तेजाचं कडं असावं तसं पारदर्शक वेटोळं. गिरणीचा भोंगा झाला, रस्त्यावर माणसं आली-गेली, मी तिथून उठले नाही. एवढ्याशा गोष्टीवर तुझ्या घराचा उंबरा अडून बसला आहे.

हुरळून जाऊ नकोस. महिना सुरू झाला म्हणजे मूल झालं असं नव्हे. हनुवटीचे केसही आहेत तसेच आहेत, ते जातील असं वाटत नाही. तिला म्हणावं, पदर सोड. केसांनी कुणाचं काही अडत नाही.

नीलम्मा

*

करकंब,
ता. २० मार्च १९३६

नीलम्मा,

निंगव्वाचं थांबलंय. डिसेंबरपासून नाही.

तुला समजतंय ना मी काय लिहिते आहे ते? याच खुणेवर मी एकदा हिरवं लुगडं नेसवून गल्लीला जेवू घातलं होतं. आता तीच खूण पुन्हा समोर आली आहे आणि आनंद करायचा की कपाळ बडवायचं, काही समजत नाही. तुझी ती साल पुन्हा जुळून आली असेल तर? दार पुन्हा बंद झालं असेल तर?

घरात कुणी बोलत नाही. गुरुबसप्पा दुकानात गजानं कापड मोजताना चुकतो. निंगव्वा मला विचारत नाही, मी तिला विचारत नाही. केराबाईला बोलावलं, तर ती उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "न्हाय बाई, या पोटावर म्या पुन्यांदा हात ठिवत न्हाय. तुमी सोलापूरच्या बाईलाच बोलवा." आणि अण्णाराव अक्षय तृतीयेची वाट बघत आहेत.

दुपारी निंगव्वा सोप्यात आडवी झाली की माझा हात आपोआप पुढं जातो आणि मी तो मागं घेते. जोगुळ ओठांवर येतं, मी तोंड दाबते. मागच्या वेळी नव्हतं त्याला गायले, आता असलंच तर माझ्या गाण्यानं त्याला दृष्ट लागायची.

तू ये. सुट्टी मिळत नसेल तर भांडून घे. आणि एक सांग. हे असलंच, तर ते आधी निजलेल्यातलंच उठलंय, की नवीन कुठून आलंय? मला हे विचारायला दुसरं कुणी नाही.

बसम्मा

*

सोलापूर,
ता. १९ एप्रिल १९३६

आत्या, शरणार्थ.

परवा तुमच्या सोप्यात जे झालं ते मला पुन्हा एकदा लिहून ठेवावंसं वाटतं. तू सगळ्यांना बाहेर घालवलंस आणि स्वतः दाराला पाठ लावून उभी राहिलीस. मी निंगव्वाच्या पोटावर नळी टेकवली. तिच्या स्वतःच्या काळजाचे ठोके ऐकू आले, आतड्याची गुडगुड ऐकू आली. मी जागा बदलली, पुन्हा बदलली. तू डोळे मिटून घेतले होतेस. आणि मग लांबून, खोलातून, घड्याळ उशीखाली ठेवल्यासारखं टिकटिक टिकटिक. आईच्या काळजापेक्षा कितीतरी भरभर.

मी तुझ्या कानात नळी घातली तेव्हाचा तुझा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग दार उघडून अण्णारावकाकांना मीच आत बोलावलं. त्यांच्याही कानाला नळी लावली. ते ऐकत राहिले, आणि हळूच पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मंगळवेढ्याचं नाव आता ते काढणार नाहीत.

परत आले तर मुंबईच्या प्रोफेसरांनी एक अमेरिकन मासिक पाठवलं होतं. तिकडच्या दोन डॉक्टरांनी सात बायकांची हकीगत छापली आहे. महिना थांबलेला, काहींना केस आलेले, अंडाशयं मोठी आणि आत पाण्याचे थेंब. त्यांनीही फाकाच काढल्या. सगळ्यांचा महिना सुरू झाला, दोघींना मुलं झाली. आत्या, समुद्रापलीकडच्या त्या बाया आणि करकंबची निंगव्वा यांच्या आत एकच माळ! मी ते पान कितीदा उलटलं असेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथं सांगायचं राहिलं. आता सांगते. यावर शास्त्रज्ञांची अजून थोडी वादावादी आहे, पण मी जे शिकले ते असं. बाईच्या आत नवीन बीज तयार होत नाही. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिची सगळी बीजं तिच्यात येऊन बसलेली असतात. म्हणजे निंगव्वा जन्माला यायच्या आधी, तिच्या आईच्या पोटात होती तेव्हा, हे बीज तिच्यात होतं. ती पायाला वाळा बांधून रांगत होती तेव्हा होतं. तिचं बाशिंग घसरत होतं आणि मी धरून बसले होते, तेव्हाही होतं.

म्हणून, ते नवीन आलेलं नाही. निजलेल्यातलंच उठलंय. फक्त दोन वर्षं निजलं होतं असं तू म्हणायचीस, ते चुकलं. वीस वर्षांहून जास्त निजलं होतं.

नीलम्मा

*

करकंब,
ता. ६ सप्टेंबर १९३६

नीलम्मा,

तार मिळाली असेल, तरी माझ्या हातानं लिहिते. मुलगी झाली. केराबाईनं शेवटी हात लावला. निंगव्वा ठीक आहे, दूध भरपूर आहे. गुरुबसप्पा दुकान उघडं टाकून आत येऊन बसतो आणि गिऱ्हाईक हाका मारतं. अण्णारावांनी पाळणा पाठवला. स्वामी येऊन मुलीला लिंग बांधून गेले. तुझ्या मुठीत मावेल एवढी ती, आणि तिच्यापुढं ती डबी केवढी दिसते!

ती डबी बघितली आणि मला तुझं पत्र आठवलं. तू लिहिलं आहेस त्याप्रमाणे या पोरीच्या आतही आता सगळी येऊन बसली असतील ना? तिला न्हाऊ घालताना मी तांब्या हातात धरून बघत बसते. पाटावर एक पोर नाही, पुढची सगळी आहेत असं वाटतं. केराबाई म्हणाली, "काय बगताय एवढं?" मी पुढचा तांब्या ओतला.

आता खरी गोष्ट. काल पहिल्यांदा मुलगी खूप रडली. दूध घेईना, पोट दुखत होतं की काय कोण जाणे. निंगव्वानं थोपटलं, केराबाईनं ओवा दिला, काही उपयोग नाही. शेवटी मी मांडीवर घेतली. नऊ महिने तोंड दाबून बसले होते, ते सुटलं. मी जोगुळ म्हणायला लागले. पहिल्या ओळीला ती थांबली. पोरानं रडणं थांबवावं तशी नाही, नीलम्मा. ओळखीचा आवाज आला की माणूस थांबतं तशी. मान वळवून माझ्याकडे बघायला लागली.

तू म्हणशील, आत्या, बीजाला कान नसतात. नसतील. पण मी दोन वर्षं त्या सोप्यात गात होते तेव्हा ती तिथंच होती, हे तूच लिहिलंस. ते पत्र मी जपून ठेवलंय.

मी तिला ओळ न चुकता सगळं म्हणून दाखवलं, आणि ती निजली.

बसम्मा